शिंगं काढलेला बैल

...आणि शिंगंसुद्धा काढून टाकली हो! बैलाची! तुम्हाला सांगतो, मी चष्मा पुसपुसून बघितलं, कार्डावर नुसती एक कमान आणि एक ठिपका. चूक माझीच असेल, पण विचारलं तर पाहिजे ना? "निहारिका, बैल कुठाय?" तर माझी नात म्हणते, "आजोबा, हाच बैल. पुढचा गरुड." गरुड म्हणजे काय, तीच कमान, ठिपका जरा डावीकडे! स्पर्धा अशी, की मोटारींच्या शर्यतीतले आठ संघ, त्यांचे जुने लोगो... डरकाळी फोडणारा वाघ, ज्वाला, ढाली, सगळा थाट... ते आजच्या ट्रेंडप्रमाणे नव्यानं करायचे, पहिली फेरी हातानं काढलेल्या कार्डांची, आणि जिंकली तर कोइम्बतूरला खऱ्याखुऱ्या संघात सहा महिने काम! पोरगी महिनाभर धड जेवली नाही हो.

"पण एवढं पुसलंस का?" तर म्हणे, "आजोबा, ताशी तीनशेनं गाडी जाणार, शिंगं दिसणारेत का तुम्हाला? आणि फोनवर नखाएवढं ओळखू आलं पाहिजे." पटलं! एकदम पटलं! मग मी जिथे तिथे तेच बघायला लागलो, फ्रीगंज बाजारातल्या पाट्या, साबणाचा कागद, औषधाची बाटली... खरंच की, सगळ्यांनी आपापल्या शेपट्या कापून घेतल्यात!

"तुम्ही फक्त सांगा, कमजोर कोणतं वाटतंय." फक्त! मी भौतिकशास्त्राचा पीएचडी, चाळीस वर्षं परीक्षक, पण चांगलं-वाईट कधी एकट्यानं ठरवलंय मी? चूक माझीच असेल, पण चार जणांना विचारलं तर पाहिजे ना? आणि... हसू नका... परीक्षकाची सवय, नाव दिसलं की पक्षपात होतो, म्हणून प्रत्येक कार्डाखालची संघाच्या नावाची पट्टी मी कात्रीनं कापून टाकली!

आमच्या हिनं, अनसूयानं, पहिलंच कार्ड बघून विचारलं, "रांगोळी अर्धी सोडून कोण उठलं?" टावर चौकातले पोहेवाले विलासजी, त्यांनी एक कार्ड उलटं धरलं, "सर जी, ये तो गैस एजेंसी का है, पक्का." सगळं वहीत टिपून खुशीत घरी आलो, तर निहारिका दारात. "आजोबा, द्या लवकर, नानाखेडा स्टँडवरून बस पकडायचीय, पाचपर्यंत इंदूरला जमा करायचंय... अहो, नावं कुठायत?"

खिशातून आठ पट्ट्या काढल्या. मिसळलेल्या. कडा जुळवून बघाव्यात, तर मी फुटपट्टीनं आखून कापलेल्या, सगळ्या सारख्या! म्हटलं, "तूच काढलीस, तूच लाव ना!" तिनं एक कार्ड उचललं, "हा गरुड... थांबा, ज्वाला... आजोबा, हा बैल ना?" मला विचारते! तिच्या डोळ्यांत पाणी, शेवटी दोघांनी अंदाजानं चिकटवलं आणि ती पळाली.

काल निकाल आला. पुढच्या फेरीत निवड! खाली शेरा, "बैल विशेष आवडला. त्यामागचा विचार चार पानांत पाठवा."

"आजोबा," निहारिका म्हणते, "बैलामागचा विचार काय लिहायचा?"

आता तो बैल आहे की गरुड, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही... पण लिहितोय. दोन पानं झालीसुद्धा. जड नाही जात हो, असल्या कितीतरी प्रबंधांवर मी सह्या केल्यात.