डोळे झाकले, पण कान?

मंडळी, ऐका! माझ्या वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावलीय, "हिंमत असेल तर कीर्तनात उभी राहून हे विचार!" घ्या, विचारते! ज्या कार्टून सिनेमात पिल्लू मरतं, तो लहान मुलांना दाखवावा का? पेटीवाले काका, हसू नका! रविवारी नातवाला तुम्हीच नेणार आहात!

तर चिपळूणची केतकी. दहावीतली. तिचा भाऊ शौनक सहा वर्षांचा, तोंडाची टकळी अखंड सुरू! त्यांची आई बाळंतपणाला माहेरी गेली, देवरूखला. परत आली ती रिकाम्या हातांनी. बाळ जन्मलं, पण रडलंच नाही हो!

आणि शौनकला काय सांगितलं? "बाळ आजोळी आहे. मोठं झालं की येईल." बाबांनी सांगितलं, आत्यानं सांगितलं, केतकीनंही सांगितलं. पोर रोज विचारायचं, "बारसं कधी?" मग एक दिवस विचारायचं बंद झालं. आई म्हणाली, "विसरला बाई!"

विसरतात मुलं? तुम्ही कबूल केलेली सायकल विसरलंय एक तरी पोर?

अशात तो पेंग्विनांचा सिनेमा आला. नाचगाणी, धमाल! बाबा म्हणाले, "त्यात पिल्लू मरतं. शौनक जाणार नाही." पण शेजारची सगळी पोरं निघालेली! यानं दारातच लोळण घेतली. शेवटी बाबांनी केतकीला बजावलं, "तो भाग आला की याचे डोळे झाक!"

झाकले हो तिनं! पण कान? पडद्यावर पेंग्विनाची आई थंडगार अंड्यातल्या पिल्लाला हाका मारतेय, अख्खं थिएटर मुसमुसतंय. शौनकच्या डोळ्यांवरचा केतकीचा तळवा ओला झाला.

"ताई, हात काढ. मला माहितीये."

"काय माहितीये?"

"आपलं बाळ मेलं. मीच मारलं."

"अरे, काय बोलतोस!"

"मी देवाला म्हटलं होतं, मला बाळ नको. त्यानं ऐकलं."

मंडळी... सहा वर्षांचं लेकरू! इतके दिवस हे एकट्यानं वाहत होतं!

घरी येताच शौनक आतल्या खोलीत गेला, कडी न लावता दार ओढून घेतलं. केतकीनं सगळं सांगितलं. बाबा भडकले, "मुलांसाठी असले सिनेमे काढतातच कशाला!" आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "केतू, जा गं, सांग त्याला, बाळ आजोळीच आहे. आत्ताच्या आत्ता सांग!"

आता तुम्ही बोला! सिनेमा वाईट? की आपण? तुमच्या घरातलं कोण कोण असं "गावाला" गेलंय? आणि घरातलं कुठलं पोर त्याचा दोष उराशी धरून झोपतंय? मान खाली घालू नका, आठवा!

केतकी उठली. म्हणाली, "आई, बाबा, मी त्याला आता खोटं सांगणार नाही. बाळ गेलं हे सांगणार, आणि त्यात त्याचा काही दोष नाही हेही सांगणार. तुम्ही दोघं जवळ बसलात तर बरं होईल. नाही आलात, तरी मी आत चाललेय."