दोनशे वर्षांपूर्वी मेलेला दुधराम

दुधराम : मी मेलो म्हणे, धुरपताबाई.

धुरपता : कवा?

दुधराम : दोनशे वर्सं झाले. रिंकीनं पुण्यातून फोन केलता. तिच्या कॉलेजात बँड आला, अना गिटारवाला माइकवर बोलला, "आमच्या गोंदियाकडचं दोनशे वर्षं जुनं, धानाच्या रोवण्याचं गाणं. कवी अज्ञात." मंग गाण्यात माझं नाव. नातीनं वळखलं ना गिटारवाल्याले. तुझा पुतण्या होय.

धुरपता : हा बसला समोर. विचार त्याले.

खुमेंद्र : रामराम काका. तब्येत मस्त दिसून राहिली.

दुधराम : मेल्यावर सुधरली.

धुरपता : खुमेंद्र, अज्ञात म्हणजे का?

खुमेंद्र : म्हणजे कोणी केलं ते माहीत नाही, मोठीमाय.

धुरपता : तुले माहीत नाई? वावराच्या धुऱ्यावर बसून मुरमुरे खात होता तू. मी रोवणा करता करता गाणं जोडलं. ज्या साली याची म्हैस बोडीच्या पाण्यात बसली.

दुधराम : सायकल पंचर होती. केशोरीले पोरासाठी पोरगी पाहाले जायचं होतं. म्हैस मोकळी होती.

खुमेंद्र : तीन तास पाण्यात बसले ना काका?

दुधराम : मी नाई, म्हैस बसली. मी वर होतो. पोरीवाल्यायनं चहा तेथीच आणला. सोयरीक पक्की झाली. हे गाण्यात कोठी हाय?

धुरपता : रोवणा संपला ना तोवर.

दुधराम : तं माझी बेइज्जतीच दोनशे वर्सं चालली.

खुमेंद्र : काका, शहरात जुनं म्हटलं की लोक गप बसतात. नव्याण्णवपासून वाजवून राहिलो मी. चार वर्षं बिसरामच्या वरातीच्या बँडात. एका बाजूला ढोल, दुसऱ्या बाजूला जनरेटर. एक तार कोणाले ऐकू गेली नाही, मलेपण नाही. मग पुणे, मग हा बँड. या गाण्याने पहिल्यांदा हॉल शांत झाला. आता शनिवारी मुंबईत मोठा कार्यक्रम आहे, लुप्त झालेल्या गाण्यांचा. याच्याच भरोशावर बोलावलं.

धुरपता : लुप्त? काल दळताना गायलं मी.

खुमेंद्र : ते त्यांना माहीत नाही ना.

धुरपता : मोबाइलवर आयकलं तुमचं. इतक्या हळू गायलं तं रोवणा दिवाळीले संपेल. बँडमंदल्या पोरायले तरी माहीत हाय का, कोनाचं हाय ते?

खुमेंद्र : नाही. त्यांना वाटते मी शोधलं.

धुरपता : मी हरवली कवा होती?

दुधराम : घे, आता हे मेली नाई, हरवली.

धुरपता : त्या मुंबईवाल्यायले फोन लाव.

खुमेंद्र : मोठीमाय, शनिवार झाला की लावतो.

धुरपता : आता लाव.

(खुमेंद्र फोन लावतो.)

खुमेंद्र : नमस्कार सर. ते गाणं दोनशे वर्षांचं नाही. अठ्ठावीस. हो, मी खोटं बोललो. कवयित्री आहेत, समोरच बसल्यात. गाण्यातला माणूसपण आहे. म्हशीचं विचारतो. काका?

दुधराम : मेली.

खुमेंद्र : फक्त म्हैस लुप्त आहे सर. नाही का? ठीक आहे.

धुरपता : का म्हणते?

खुमेंद्र : जिवंत लोकांचं गाणं त्या कार्यक्रमात बसत नाही म्हणे. शनिवार गेला.

दुधराम : माझ्यामुळं का गा?

खुमेंद्र : नाही काका, माझ्यामुळं. बँडच्या पोरांना संध्याकाळी सांगतो. ते मले काढतील किंवा ठेवतील.

धुरपता : काढलं तं?

खुमेंद्र : गिटार येते मले, मोठीमाय. आता चांगली येते. दुसरा बँड करीन. हे गाणं घेऊन निघतो.

धुरपता : कोनाचं?

खुमेंद्र : तुझं. तुले विचारून.

धुरपता : मंग विचार.