मागून मारलेली हाक

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष माननीय सुहासराव, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, नाट्यमंडळाचे कार्यकर्ते, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या निपाणीकर बंधुभगिनींनो,

सत्कारमूर्तींच्या पत्नीनं दोन शब्द बोलावेत अशी मंडळाची इच्छा आहे. तिनं काय बोलायचं तेही साधारण ठरलेलं असतं. त्यांचा साधेपणा, तिचा त्याग, आणि शेवटी सगळ्यांचे आशीर्वाद. मी चौतीस वर्षं इथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळं असली भाषणं मीच कितीजणींना लिहून दिली आहेत. आज मला तसं जमणार नाही. अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

रघुवीर गळतगेकर या नटाची कारकीर्द आधीच्या वक्त्यांनी सांगितलीच. तंबाखूच्या वखारीतल्या कारकुनाचा मुलगा, कोल्हापूरच्या नाट्यस्पर्धेतलं बक्षीस, मग मुंबई. साठेक चित्रपट, त्यातले नऊ कानडी. इन्स्पेक्टर, डॉक्टर, नायिकेचा बाप. आणि शेवटी अकरा वर्षं टीव्हीवरच्या त्या मालिकेतले आबा. मी त्यात एवढीच भर घालते, की मुंबईत त्यांना कानडी मुलखातला नट म्हणत आणि बेंगळुरूला मराठी नट. हे मला त्यांनी सांगितलेलं नाही. एका मुलाखतीत वाचलं. त्यांच्याबद्दलचं बरंचसं मला असंच कळत गेलं.

आमचं लग्न एकोणऐंशी साली झालं. मुंबईत त्यांची एक खोली, तीही दुसऱ्या दोघांबरोबर. इथं सासू-सासरे आणि माझी नोकरी. म्हणून मी इथंच राहिले. हे वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि मे महिन्यात. आम्हाला मूल झालं नाही. त्यांचे सिनेमे मी तुमच्यासारखेच इथल्या थेटरात तिकीट काढून पाहिले. एकदा सासूबाईंना घेऊन गेले होते. पडद्यावर हे पुरात वाहून गेले, तशा सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चल गं. ह्यो काय आता परत यायचा न्हाय." त्या सिनेमातल्या माणसाबद्दल बोलत होत्या, अशी मी माझी समजूत घालत राहिले.

मग मालिका आली. रोज संध्याकाळी साडेसातला माझा नवरा दुसऱ्या बाईसमोर जेवायला बसायचा. त्या नीलमताई. मालिकेतल्या त्यांच्या पत्नी. हे ताटावरून तिची चौकशी करायचे, भाजी छान झाली म्हणायचे. वाक्यं लेखकाची, पण आवाज ह्यांचाच ना? शेजारणी विचारायच्या, वाईट वाटत नाही का? मी म्हणायचे, नोकरी आहे ती. मालिका संपली की टीव्ही बंद करायचा आणि आपलं ताट वाढून घ्यायचं. अकरा वर्षं.

तीन वर्षांपूर्वी हे कायमचे परत आले. प्रकृतीच्या कारणावरून निवृत्ती, असं पेपरात छापून आलं. मी घराला रंग लावून घेतला होता. पहिले काही दिवस चहा करताना ह्यांचा हात साखरेच्या डब्यासाठी उजवीकडच्या वरच्या फळीकडं जायचा. आमच्याकडं तिथं फळीच नाही. मालिकेतल्या स्वयंपाकघरात होती. मला हसू आलं होतं तेव्हा.

पुढं हसू येईना. स्वयंपाकघरातून मी विचारावं, आज भाजी कसली करू? उत्तर नाही. परसदारातून हाक मारावी, उत्तर नाही. समोर जाऊन बसलं तर दोन वाक्यं बोलायचे, गोड हसायचे, पडद्यावर हसत तसेच. तुम्हालाही हाच अनुभव आला, मला माहीत आहे. स्टँडसमोर फुलं विकणारे आमचे भरमूअण्णा ह्यांचे शाळेतले सोबती. त्यांनी तीनदा मागून 'रघ्या' म्हणून हाक मारली, हे सरळ पुढं निघून गेले. अण्णांनी चौथ्यांदा हाक मारली नाही. मोठा माणूस झाला, आता कुठला ओळखतोय, असं गावात झालं. मला ते ऐकू यायचं. आणि खरं सांगते, मलाही पटायचं.

वर्षभर मी सोसलं. मग मीही बोलणं टाकलं. आणि एके दिवशी पिशवी भरून बेळगावला गेले, वडगावात माझ्या थोरल्या बहिणीकडं. आक्काकडं. मी निघाले तरी ह्यांनी थांब म्हटलं नाही, याचा मला फार राग आला. 'जाते' हे मी दारातून, पाठ फिरवून म्हणाले होते, हे मला नंतर आठवलं.

आक्काच्या घरात दिवसभर यंत्रमाग चालतात. तिथं चार महिने काढले. ह्यांचा फोन नाही, माझाही नाही. दिवाळीच्या आधी एक फोन आला. मागांच्या आवाजात काही कळेना म्हणून गच्चीवर गेले. नीलमताई होत्या. आम्ही दोघी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. त्यांनी ह्यांची प्रकृती विचारली. मी म्हटलं, बरी आहे. मग त्या अगदी सहज म्हणाल्या, "आणि बोलायच्या आधी कोपराला हात लावता ना त्यांच्या? नाहीतर त्यांना कळतच नाही."

काय कळत नाही, असं मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. मालिका सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली तेव्हापासून ह्यांना ऐकू येणं कमी होत गेलं. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांचीही वाक्यं पाठ करायचे, ओठ बघून बोलायचे. पाठमोरा प्रसंग असला की नीलमताई हळूच कोपराला हात लावायच्या, मग हे आपलं वाक्य म्हणायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून नीलमताईंनी मालिका सोडली. त्यानंतर एका प्रसंगात हे पाच वेळा नुसते उभे राहिले. म्हाताऱ्याला आता पाठ होत नाही, अशी कुजबुज झाली. हे दमलो म्हणाले आणि घरी आले.

मी खाली आले आणि आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या दाजींचं तसंच हाय की. मागावर बसून सगळ्या गल्लीचंच हाय. तू मास्तरीण, आणि तुला कळलं न्हाय व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आले. दार लोटलेलं होतं. हे ओट्याशी, माझ्याकडं पाठ करून टोमॅटो चिरत होते. मी मागं उभी राहिले. हाक मारली. मोठ्यानं मारली. हात थांबला नाही. मग चव्वेचाळीस वर्षांत जे कधी तोंडावर म्हणाले नव्हते, ते मी त्यांच्या पाठीला म्हणाले. "मला फार एकटं वाटलं हो. सगळी वर्षं." त्यांनी टोमॅटोच्या आणखी चार फोडी केल्या. ताटली घ्यायला वळले, तेव्हा मी दिसले. म्हणाले, "कधी आलीस?"

मी त्यांना समोर बसवलं. नीलमताईंचा फोन आल्याचं सांगितलं. संपेपर्यंत ते माझ्या ओठांकडं बघत होते. मी विचारलं, तिला सांगितलंत, मला का नाही? ते म्हणाले, "तिला सांगितलं नाही, तिला ते दिसलं. आणि तुला सांगण्याइतकी आपली ओळख कुठं होती?"

सभागृहात कुणाला हे कठोर वाटेल. मला वाटलं नाही. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्याशी खरं बोलत होते.

त्यानंतर बेळगावच्या डॉक्टरांकडून कानाचं यंत्र आणलं. घरात त्याचा उपयोग होतो. सभागृहात, माइक असला की, त्यात नुसता गलका होतो, म्हणून ते आत्ता खिशात आहे. आज संध्याकाळचं एकही भाषण त्यांनी ऐकलेलं नाही. तुम्ही हसलात तिथं ते हसले. नट आहेत, जमतं त्यांना.

मंडळाची मंडळी घरी आली तेव्हा हे सत्कार नको म्हणत होते. मी म्हटलं, त्यापेक्षा लोकांना सांगून टाका. तर म्हणाले, "तू सांग. मी सांगायला लागलो की अभिनय होईल." मी विचारलं, सगळं? म्हणाले, "सगळं. तुझंही." म्हणून हे भाषण लिहून काल दुपारी त्यांच्या हातात दिलं. टोमॅटोच्या जागी आले आणि थांबले. ते वाक्य दोनदा वाचलं. चष्मा काढला. मग बराच वेळ बोलले नाहीत. त्या वेळचं त्यांचं न बोलणं मला कळलं.

एकटेपणा संपला असं मी म्हणणार नाही. फार वर्षांचा आहे तो, दोघांचाही. आता एकमेकांचा एकमेकांना माहीत आहे, एवढंच.

मंडळानं त्यांची आठवण ठेवली, त्याबद्दल कृतज्ञ आहे. एवढ्या गर्दीतून आलेल्या सर्वांचे आभार. भरमूअण्णा तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांचे वेगळे आभार. अण्णा, कार्यक्रम झाला की वर या आणि पुढून हाक मारा. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर राग मनात घेऊन घरी जाऊ नका. येऊन समोर बसा आणि सांगा. आमच्या घरात आता सगळं तोंडावरच बोललं जातं.

नमस्कार.