अंगठा जुळत नाही

…नाही, मी म्हणतो, प्रयत्न तरी किती करायचे माणसानं? आणि ती हजेरीच्या मशीनमधली बाई, आवाज काय गोड हो तिचा, रोज सकाळी सगळ्यांदेखत मला सांगायची, 'अंगठा जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा.' अहो बाई, अंगठा माझाच आहे, जन्मापासून वापरतोय मी तो!

तुम्हाला सांगतो, मी कारखान्यात सुटे भाग धुतो. नट, बोल्ट, गिअर, येईल ते थिनरच्या टबात बुडवायचं, ब्रशनं घासायचं, तेल काढायचं. अठरा वर्षं! या कामात कोणी माझा हात धरणार नाही… आणि नाही म्हणजे खरंच कोणी धरत नाही, कारण हातावर लाल चट्टे, भेगा, सालं निघालेली, आणि खाज तर विचारू नका. सुपरवायझरकडे हातमोजे मागितले. 'बघू.' चारदा मागितले, चारदा 'बघू'. घरी बायको तेल चोळता चोळता म्हणायची, तुम्हालाच खाज, दुसऱ्या कोणी केव्हाच काम बदलून घेतलं असतं.

त्यात हे मशीन आलं. बसवताना दहाही बोटांचे ठसे घेतले, आणि पुढं हात असे सोलवटले की बोटांवर रेघच राहिली नाही! अंगठा लावला… पुन्हा प्रयत्न करा. तर्जनी… पुन्हा प्रयत्न करा. करंगळीपर्यंत पोचलो, मागं ही रांग, आणि रांगेतून कोणीतरी म्हणतंय, काका, आता पायाचा लावून बघा.

हजेरी क्लार्क म्हणाला, 'तुम्ही अकरा दिवस गैरहजर आहात.'

म्हटलं, अहो, तुमच्यासमोर उभा आहे की मी!

'मला दिसताय हो, मशीनला दिसायला हवं. पंधरा दिवस झाले की नाव कमी होतं.'

झाली का पंचाईत? नोकरी जाणार, आणि कशानं, तर रोज कामावर आल्यानं! घाबरलो मी, खोटं कशाला बोलू.

पण क्लार्क भला माणूस. त्यानं वर कळवलं, मशीनला अडचण येते आहे. आणि काय सांगू, मशीनला अडचण म्हटल्यावर काय ती धावपळ! कंपनीचे डॉक्टर आले, हात उलटसुलट करून बघितले, म्हणाले, हे थिनरचंच काम, उघडा हात टबात घालायचाच नाही. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंतचे हातमोजे, मलम, हजेरी तोवर वहीत, आणि महिनाभर पॅकिंगला बदली, तीही खुर्चीवर बसून! सुपरवायझर रोज चौकशीला यायचा, कसा आहे? मी नाही हो, अंगठा.

महिन्यात खाज गेली, रेघा उगवल्या. बायको माझा हात हातात घेऊन बसली आणि म्हणाली, 'लग्नात होता तसा झालाय.' बरं वाटलं हो, फार बरं वाटलं.

आणि परवा परीक्षा! क्लार्क, सुपरवायझर, सगळे गोळा झालेले. देवाचं नाव घेतलं, अंगठा टेकवला…

'ओळख पटली. आपण बारा मिनिटं उशिरा आला आहात.'

काय हसले लेकाचे! पण तक्रार कुठल्या तोंडानं करणार? अठरा वर्षं वहीत माझी वेळ मीच लिहीत होतो. बाईनं एकदाच ओळखलं, पण अगदी बरोबर ओळखलं.