परत आणलेला बर्फ

…आणि वर मलाच विचारतात, "एवढं साफ करायला तुम्हाला सांगितलं कोणी होतं?" म्हणजे बघा हं, एकतीस वर्षं मी या गावचा बर्फ उचलतेय, एकतीस वर्षं ऐकतेय की रिम्मा अर्काद्येव्ना, इथं राहिला, रिम्मा अर्काद्येव्ना, तिथं राहिला, बसथांब्यापाशी म्हातारी घसरली, शाळेपाशी मुख्याध्यापक घसरले, आणि या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, स्टेशनचा अख्खा रस्ता मी असा लख्ख केला की खालचं डांबर दिसायला लागलं, लोक थांबून बघत होते हो, काहींना तर आठवतच नव्हतं की खाली डांबर आहे… आणि साहेब माझ्यावर खेकसतात, बर्फ कुठाय? कुठाय म्हणजे? उचलला! नगरपालिका मला पगार कशाचा देते, बर्फ राखायचा?

थांबा, अशी मधूनच सुरू झाले तर तुम्हाला काही कळायचं नाही. साहेब म्हणजे लेव इग्नात्येविच, आमच्या रस्तेखात्याचे मुख्य. माणूस वाईट नाही, तुम्हाला सांगते, फक्त वरून फोन आला की उभा राहून बोलतो, आणि फोन दिवसभर येतात, म्हणून बिचाऱ्याच्या पायाच्या शिरा फुगल्यात. आणि हावरी म्हणजे माझं मशीन. पुढं दोन लोखंडी हात, जमिनीलगत, आळीपाळीनं बर्फ स्वतःकडे ओढतात, ओढलेला बर्फ पट्ट्यावर चढतो, पट्टा माझ्या डोक्यावरून मागे जातो, आणि मागे वेन्याचा डंपर. हेही माझं, तेही माझं, असं करत ती पुढं सरकते, म्हणून सगळं गाव तिला हावरी म्हणतं. गावानं नगरपालिकेत खाणारे खूप पाहिलेत, पण लोक म्हणतात, भर रस्त्यात सगळ्यांसमोर खाते ती एकटी हावरीच.

वेन्याचंही सांगून टाकते. डंपरची पाठ माझ्याकडे लागते ना, म्हणजे मी पुढं जायचं आणि त्यानं उलटं यायचं. एकोणीस वर्षं हा माणूस अख्खा हिवाळा उलटाच चालतोय! त्याची बायको म्हणते, घरात सूप मागायचं असलं तरी आधी मान मागे वळवतो.

तर सोमवारी सकाळी, उणे बावीस, मी हावरीत बसून इंजिन तापवतेय, आणि लेव इग्नात्येविच येतात. हातात कागद. कागद बघितला की मी सावध होते, कारण चांगली बातमी आमच्याकडे कागदावर कधी आलेली नाही. म्हणाले, "रिम्मा अर्काद्येव्ना, अभिनंदन, आपल्याकडे नवीन मशीन आलंय. परदेशी. बुधवारी प्रदेशाचे मोठे साहेब येतायत, त्यांच्यासमोर ते स्टेशनच्या रस्त्यावर चालवून दाखवायचं, टीव्हीवाले असणार." मी म्हटलं, छान. म्हणाले, "आणि बुधवारी नऊ वाजल्यापासून तुमचं हे मोडीत. कापायला जाईल. तुमची सोय केलीय, फाटकावर पास तपासायचे, बसून काम, उबेत. तर आता खाली उतरा आणि चावी द्या."

बसून काम! मी काय एकतीस वर्षं उभी होते का? पण तुम्हाला खरं सांगते, माझे हात गार पडले. म्हणजे गार होतेच, अजून पडले. या मशीनचा एकेक बोल्ट माझ्या ओळखीचा, डावा हात उजव्यापेक्षा जरा उशिरा येतो, त्याला थोडं थांबून घ्यावं लागतं, हे कुठल्या कागदावर लिहिलंय? कापणार म्हणे. मला रडू येत होतं, रागानं. मी म्हटलं, "आज सोमवार आहे. बुधवारचं बुधवारी." आणि मी खाली उतरले नाही.

ते गेले. अर्ध्या तासानं धावत परत. धावत! फुगलेल्या शिरांनिशी! म्हणाले, "बर्फ कुठाय?" कारण काय झालं, नवीन मशीन दाखवायचं स्टेशनच्या रस्त्यावर, आणि स्टेशनचा रस्ता मी गुरुवारीच साफ केलेला, आणि त्यानंतर आभाळ निळंशार, एक कण पडला नव्हता. हवामानखात्याला फोन केला तर तिथली बाई म्हणाली, "आठवडाभर ऊन." साहेब तिला म्हणतायत, "ताई, बुधवारपर्यंत थोडा तरी? दोन बोटं?" जसं काही ती काउंटरवरून वजन करून देणार आहे. आणि मग माझ्यावर, "एवढं साफ करायला तुम्हाला सांगितलं कोणी होतं?"

मग विचार करकरून त्यांना सुचलं. आणि काय सुचलं असेल! गावाबाहेर जिथं आम्ही नोव्हेंबरपासून बर्फ नेऊन टाकतो, तो डोंगर आहे ना, त्यातून बर्फ परत आणायचा, स्टेशनच्या रस्त्याला कडेनं व्यवस्थित रचायचा, आणि बुधवारी तो नवीन मशीननं उचलायचा. आणि डोंगर उकरणार कोण? नवीन मशीन नाही, ते झाकून ठेवलंय, त्याला ओरखडा येईल. हावरी! स्वतःची कबर स्वतःच खणायची.

मी त्यांना नीट समजावलं, रागावून नाही, खरंच नीट. "साहेब, तो बर्फ नाही राहिला. तीन महिने डंपर त्याच्यावरून फिरतायत, पुढची बाजू तर नोव्हेंबरची आहे, दगड झालाय त्याचा, आणि आत काय काय आहे देवाला ठाऊक, आम्ही रस्त्यावर जे असेल ते उचलतो." तर म्हणाले, "बर्फ तो बर्फ. नोव्हेंबरचा असो की जानेवारीचा, टीव्हीवर पांढराच दिसतो. पुढच्या बाजूचा आणा, लवकर होईल."

आणला. बारा फेऱ्या. का आणला विचारा? कारण हावरी काम करत असेपर्यंत तिला कापायला कोणी नेणार नाही, एवढं मला कळत होतं. वेन्या म्हणाला, "अर्काद्येव्ना, एकोणीस वर्षं मी उलटा चालतोय, पण काम उलटं आजच बघितलं." आणि रस्त्यावरचे लोक! ज्यांनी गुरुवारी माझे आभार मानले होते तेच खिडक्या उघडून ओरडतायत, "अहो, हा नेला होता ना? आमच्याच दारात परत?" एकानं आपली गाडी दोन तास खपून मोकळी केली होती, तिच्यापुढं मी छातीएवढा बांध घातला. तो नुसता खाली बसला हो. मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

बर्फ आला तो करडा. कडेला काळा. मग साहेबांनी खात्यातल्या बायकांना फावडी देऊन शाळेच्या मैदानावरचा ताजा भुरभुरीत बर्फ आणवला आणि वरून भुरभुरला, केकवर पिठीसाखर भुरभुरतात तसा. लांबून बघितलं तर, मानलं पाहिजे, सुंदर दिसत होतं.

बुधवार. नऊ वाजता माणूस आला, हावरीची नंबरपाटी काढून घेऊन गेला. साहेब म्हणाले, "झालं, आता खाली उतरा." मी दार आतून लावून घेतलं. मला म्हणाले, "हे मशीन आता कागदावर नाहीये." मी म्हटलं, "मी आहे ना? माझी पाटी निघेपर्यंत मी बसणार." आणि मी खाली उतरले नाही. बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी हावरी उभी केली आणि थर्मासमधला चहा काढला.

नवीन मशीन आलं. लाल. तोंडात ही एवढी पोलादी फिरकी, बर्फ चावायचा आणि नळीतून फेकायचा. चालवायला कंपनीचा माणूस, एदुआर्द, पातळ बूट घातलेला… उणे बावीसला! पातळ बूट! केबिनमध्ये त्याला तीन पडदे, पडद्यांवर सगळं दिसतं, म्हणून खिडकीतून तो बघत नव्हता. मोठे साहेब आले, टीव्हीवाले आले, लेव इग्नात्येविचांनी कागद काढून भाषण केलं, "आता मानवी श्रमाचं युग संपलं," आणि त्यांच्या मागे फावडी घेतलेल्या सात बायका.

एदुआर्दनं बटण दाबलं. पहिले दहा मीटर, तुम्हाला सांगते, मला मानावं लागलं. पिठीसाखर अशी उडाली नळीतून, उन्हात चमकत, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि मी थर्मासचं झाकण लावून टाकलं. वाटलं, संपलं रिम्मा, जा फाटकावर. आणि मग पिठीसाखर संपली आणि नोव्हेंबर लागला.

आधी आवाज आला, खडाखडा. मग फिरकी हळू झाली. मग काहीतरी लांबलचक, तांबडं, आत ओढलं जायला लागलं, आणि ओढलं जातंय, ओढलं जातंय, आणि फिरकीभोवती गुंडाळून गच्च. मशीन थांबलं, रस्त्यात आडवं. तीनही पडद्यांवर लाल अक्षरं. एदुआर्द म्हणतो, "अनोळखी वस्तू." आणि गर्दीतून कापामावशी, चौदा नंबरच्या इमारतीतली, ऐंशीच्या घरातली बाई, किंचाळली, "अनोळखी कशी? गालिचा आहे तो माझा!"

झालं होतं असं, की नोव्हेंबरमध्ये मावशीनं गालिचा बर्फावर पालथा घातला, झोडपला, आणि चहा प्यायला वर गेली. आता चहाला वर गेलेली बाई लगेच खाली येते का? तेवढ्यात बर्फ पडला, गालिचा गेला खाली, सकाळी मी आले. तीन महिने ही बाई मला रस्त्यात गाठून म्हणत होती, "तुझ्या हावरीनं माझा गालिचा खाल्ला," आणि तीन महिने मी शपथेवर सांगत होते, मावशी, हावरी गालिचे खात नाही. खाते. माझी चूक. मान्य.

एदुआर्दनं चाकू काढला. मावशी फिरकीपुढं जाऊन उभी. "कापायचा नाही. लग्नातला आहे." मोठे साहेब स्वतः पुढं आले, म्हणाले, "आजी, आपण तुम्हाला नवीन देऊ." मावशी म्हणाली, "नवीन तुम्हाला लखलाभ. तुमचं ते नवीन बघतेय ना मी, उभं आहे माझ्यासमोर."

आणि तेवढ्यात तीन नंबरची बस आली. हॉस्पिटलला जाणारी. एका बाजूला मी रचलेला बांध, मधे लाल मशीन आडवं, बस अडकली. आत एक बाई दिवस भरलेली, तिचा नवरा खाली उतरून ज्याला त्याला विचारतोय, मुख्य कोण आहे इथं, मुख्य कोण? आणि सगळे एकमेकांकडे बोट दाखवतायत.

मग लेव इग्नात्येविच माझ्याकडे आले. चालत. खाली उभे राहून हळूच म्हणाले, "रिम्मा अर्काद्येव्ना, जरा बांध काढा ना, बस जाईल एवढाच." बघा, मला त्या बाईची काळजी होतीच, इंजिन मी बस दिसल्याबरोबर चालू केलं होतं. पण मी काच खाली केली आणि म्हटलं, "कशानं काढू, साहेब? हावरी कागदावर नाहीये. नसलेल्या मशीननं असलेला बर्फ कसा काढायचा?" म्हणाले, "टोमणे नंतर मारा." मी म्हटलं, "नंतर ती तुकड्यांत असेल. लिहा, चालू स्थितीत आहे. सही करा." मोठे साहेब मागून म्हणाले, "करा हो सही!" आणि लेव इग्नात्येविचांनी केली, भाषणाच्याच कागदामागे, हावरीच्या पायरीवर ठेवून. पेन गोठलेलं, तीनदा तोंडाची वाफ द्यावी लागली.

मग हावरीनं हात काढले. तोच दगड झालेला नोव्हेंबर, डावा, जरा थांबून उजवा… नाही, चुकले, उजवा आणि मग जरा थांबून डावा, तिनं असा ओढला जशी घरचीच भाकरी मोडतेय. मागे वेन्या उलटा. पंधरा मिनिटांत बस गेली. वाटेत नाही, हॉस्पिटलातच मुलगी झाली, मी फोन करून विचारलं. गालिचाही मीच सोडवला, फिरकी उलटी फिरवून, हातानं, एक दोरा न तोडता. त्यासाठी मात्र खाली उतरले. तेवढ्यापुरती.

तर आता तुम्ही म्हणाल, जिंकलीस रिम्मा. हो ना, हावरी कापली नाही, पाटी परत लागली, मी अजून वरच बसते. टीव्हीवर काय दाखवलं? पहिले दहा मीटर. आणि एदुआर्दनं जाताना लिहून दिलं, हे मशीन फक्त ताज्या, स्वच्छ, कोरड्या बर्फासाठी आहे, आणि आता ते इतकं मौल्यवान ठरलंय की त्याला रस्त्यावर काढायला वरून परवानगी लागते. त्याच्यासाठी गॅरेज बांधलं, आत हीटर, माझ्या केबिनला अकरा वर्षं मागतेय तो हीटर. वरून कोणी कधी बघायला येईल सांगता येत नाही, म्हणून गॅरेजचं दार कायम मोकळं हवं. रोज सकाळी, गावातले सगळे रस्ते सोडून, हावरी आधी त्या दारापुढचा बर्फ उचलते, आणि लेव इग्नात्येविच खिडकीतून ओरडतात, "जपून, रिम्मा अर्काद्येव्ना, नव्या मशीनवर बर्फ उडू देऊ नका!"

नाही उडू देत हो. काय करता.