करवतीच्या पलीकडचा माणूस

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक साहेब. व्यासपीठावर बसलेले, चर्चचे आदरणीय पाळकसाहेब. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते करवत विभागाचे दादा आणि वहिनी. आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मित्रांनो,

कामगारांच्या वतीने चार शब्द बोलायला मला सांगितलंय. मला इथे सगळे शंकासुर म्हणतात, त्यामुळे निव्वळ गोड भाषणाची अपेक्षा कुणी ठेवली नसेलच.

दादांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. ती कशी गेली, हे नव्या मंडळींना ठाऊक नसावं. मोठ्या करवतीच्या पात्यावरचं झाकण कुणीतरी काढून ठेवलं होतं. चौकशीत त्या वेळच्या मिस्त्रींनी सांगितलं, "दादानेच काढलं, काम लवकर उरकायला." दादांची बोटं गेली, वर ठपकाही बसला. मुकादमी हुकली. मिस्त्री पुढे दुसऱ्या कारखान्यात गेले.

बऱ्याच वर्षांनी तो कारखाना बंद पडला आणि मिस्त्री काम मागत परत आले. कोणताच विभाग त्यांना घेईना. दादा म्हणाले, "माझ्याकडे द्या."

आता सांगा, तुम्ही काय समजला असता? मी तर तेव्हाच म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. करवतीवर एक जण फळी पुढे सारतो, दुसरा पलीकडून ओढून घेतो. इथे सारणार दादा, ओढणार मिस्त्री. सारणाऱ्याने मनात आणलं, तर ओढणाऱ्याचं काय होईल? मी माझं रंधाकाम सोडून त्या दोघांकडे डोळा ठेवून असायचो. मिस्त्री तर माझ्याहून सावध. रोज येऊन आधी पात्यावरचं झाकण हलवून बघायचे. दादांनी पुढे केलेला चहा घ्यायचे नाहीत. दादा म्हणायचे, "तपास बाबा, नीट तपास," आणि तो चहा स्वतःच प्यायचे.

माझा संशय मी वहिनींपाशीही बोललो. म्हटलं, "दादांच्या मनात काही शिजतंय का?" वहिनी म्हणाल्या, "भावजी, मलाही तेच वाटायचं. हे सकाळी प्रार्थनेला बसले की त्या माणसाचं नाव घेतात. पहिली कित्येक वर्षं नुसतं नाव घ्यायचे आणि गप्प व्हायचे. दात-ओठ खाऊन. मग एके दिवशी म्हणाले, प्रभू, त्याच्या आजारी पोरीला बरं वाटू दे. त्या दिवशी मीच घाबरले."

पाळकसाहेब, आपण उपासनेत सांगता, की विश्वास धरला म्हणजे धीर, सौम्यता, प्रीती ही फळं लागतात. मी आपल्या मंडळीतला नाही, दादांच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला आलो होतो तेव्हा ऐकलं. मला वाटलं, बोलायला काय जातं? आंब्याचं झाडसुद्धा वाट बघायला लावतं, आणि इथे तर माणसाचं मन.

मग ती टेबलांची मागणी आली. फळ्या सगळ्या आखूड कापल्या गेल्या. साहेब, आपण किती तापला होतात, आठवतंय ना? मला वाटलं, आली घटका. दादा आता मिस्त्रींकडे बोट दाखवणार. दादा म्हणाले, "माप मी सांगितलं होतं. माझंच चुकलं."

नंतर मी त्यांना गाठलं. "दादा, खोटं बोलून त्याच्यावर पांघरूण घालता?"

"खोटं कशाला बोलू? चूक माझीच होती," दादा म्हणाले. "पण त्याच्यावर ढकलायचा मोह झाला. जिभेच्या टोकावर आलं होतं."

हे ऐकल्यावर मात्र मी जरा गोंधळलो. ढोंगी माणूस स्वतःचा मोह कशाला सांगेल?

त्याच दुपारी मी लाकडांच्या थप्पीमागे होतो. पलीकडे मिस्त्रींचा आवाज आला. "तुला माझ्याकडून हवंय तरी काय?"

"तू खरं बोलावंस."

"आणि नाही बोललो तर?"

"तर उद्या या उरलेल्या फळ्या कापू. राग मला अजून येतो रे. तो रोज देवापुढे ठेवतो, रोज थोडा परत उचलून आणतो. पूर्वी सगळाच आणायचो."

पुढे कित्येक महिने काहीच घडलं नाही. गेल्या आठवड्यात मिस्त्री स्वतःहून साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "झाकण मी काढलं होतं." साहेब, आपण साक्षीला आहात. दादांना कळलं, तेव्हा ते बाकावर बसले आणि बराच वेळ तोंड पुसत राहिले. मी विचारलं, "आता बरं वाटलं?" तर म्हणाले, "ओझं उतरलं की आधी पाठ दुखते."

खरं सांगू? माझी शंका अजून पुरती गेलेली नाही. दादा निवृत्त होणार, आता खरं बोलून आपलं काही बिघडत नाही, हे बघून मिस्त्री बोलले असतील का, असं माझ्या मनात येतंच. मिस्त्री मागच्या रांगेत बसलेत, त्यांनी ऐकलं तरी चालेल. करवतीजवळ डोळे मिटून विश्वास ठेवणारा मी नव्हे.

पण दादांनी जाता जाता एकच मागणं मागितलंय. त्यांच्या जागी मिस्त्रींनी फळी सारावी. पलीकडे उभं राहायला कुणी तयार होईना, तेव्हा साहेबांनी मला विचारलं. मी रात्रभर नाही नाही म्हणत होतो. सकाळी हो म्हणालो. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

दादा, वहिनी, तुम्हाला सुखाचं आयुष्य लाभो. साहेबांचे, पाळकसाहेबांचे आणि इतका वेळ उभं राहून ऐकणाऱ्यांचे आभार. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, तर चूक पदरात घ्या. आणि मिस्त्री, सोमवारी सकाळी मी पलीकडे उभा असेन. फळी सावकाश सारा.