सात नंबरची कार्ट बंद नव्हती, याबाबत पुरवणी जबाब

मी, मैदानावर ज्याला सगळे मिस्त्री म्हणून ओळखतात तो, वय ५३ वर्षे, काम गोल्फच्या मैदानावरील पेट्रोल कार्टची दुरुस्ती, राहणार मैदानाच्या मागच्या फाटकाजवळील कामगारांच्या खोल्यांपैकी शेवटची खोली, ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की, काल सोमवारी सकाळी मी एक जबाब दिला आहे. त्यातील इंजिनाबद्दलचा भाग चुकीचा आहे. तो दुरुस्त व्हावा म्हणून हा जबाब देत आहे. मला कोणी बोलावलेले नाही.

मी कुठल्या संस्थेत शिकलेलो नाही. इंजिन खोलून, परत जोडून, आणि हातात उरलेला बोल्ट कुठला ते शोधून शिकलो. मैदानावरच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे आहेत. मी सांगतो तोच बिघाड निघतो, असे आजवर झाले आहे. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. काल माझे म्हणणे सर्वांनी लगेच का मानले, ते कळावे म्हणून सांगतो.

सात नंबरची कार्ट गेल्या आठवड्यात मैदानावर चालता चालता बंद पडली. ती दोरीने ओढून शेडमध्ये आणली. या गाडीची चावी फिरवून पेडल दाबले की स्टार्टर बेल्टवरून इंजिन फिरवतो. इंजिन फिरत होते, पेट घेत नव्हते. बॅटरी पूर्ण भरलेली होती. प्लग काढून पाहिला, ठिणगी निळी आणि जोरदार होती. एअर फिल्टर झटकला. कार्बुरेटर उतरवून धुतला. टाकी अर्धी भरलेली होती आणि तिचे झाकण घट्ट बसलेले होते. पेट्रोल पंपाचा पडदा मीच नुकताच बदललेला, म्हणून पंप खोलला नाही. शेवटी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून दाब पाहिला. तो कमी लागला. दाब मोजायचे मीटर बाजारात मिळते, मी ते घेतलेले नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवावे लागेल, असे मी मैदानाच्या सचिवसाहेबांना सांगितले.

रविवारी दुपारी माझा धाकटा भाऊ त्याच्या टेम्पोतून खताची पोती घेऊन आला. शेडमध्ये सचिवसाहेब, माळीबुवा आणि मी असे होतो. भावाने कार्टभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "दादा, तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना? एकच पाडलं तर तेल येत नाही. ह्या झाकणाचं भोक बघितलंस का?"

मी म्हणालो, "तू टेम्पोच्या आरशात बघून भांग पाड. इंजिनाचं मी बघतो."

माझ्या धाकट्या भावाला टक्कल आहे. त्यामुळे सचिवसाहेब फार हसले. माळीबुवाही हसले. भाऊ म्हणाला, "बरं बाबा, तू म्हणशील तसं," आणि पोती उतरवायला गेला.

टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असते, हे मला माहीत आहे. ते मी पाहिले नव्हते. भाऊ गेल्यावरही पाहिले नाही.

सोमवारी सकाळी शेड उघडली तेव्हा कार्ट नव्हती. कुलूप जागच्या जागी होते. सचिवसाहेबांनी ठाण्यात कळवले. तपासाला आलेल्या साहेबांनी मला विचारले की, कोणी चालवत नेली असेल का? मी म्हणालो, "इंजिन मेलेलं आहे साहेब. चार जणांनी उचलून टेम्पोत घातल्याशिवाय ती फाटकाबाहेर जात नाही." त्यांनी विचारले, मैदानाच्या पाण्याच्या पंपघराकडे बघायचे का? मी म्हणालो, पंपघर चढावर आहे, बंद गाडी तिथवर कोणी ढकलणार नाही, उगाच पाय दुखवू नका. शेडच्या किल्ल्या किती, असे विचारले. एक माळीबुवांकडे, एक माझ्या घरात खिळ्याला. माळीबुवांनी नेली असेल का? म्हातारा माणूस एकटा बंद गाडी नेणार कशी, असे मीच म्हणालो. घरात कोणाचे येणे-जाणे आहे? भावाचे. टेम्पो कोणाकडे? भावाकडे. टेम्पोत गाडी चढवायला फळी आहे का? आहे.

भावाने चोरी केली, असे मी म्हटलेले नाही. जे विचारले त्याची उत्तरे दिली.

दुपारी माझ्या धाकट्या भावाला चौकशीसाठी ठाण्यात आणले. शेजारपाजारचे लोक बाहेर उभे होते. संध्याकाळी भावजय माझ्याकडे आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "भाऊजी, साहेबांना एवढंच सांगा, की हे असं करणार नाहीत."

मी म्हणालो, "मी इंजिनाबद्दल बोललोय. माणसाबद्दल मी काही बोललेलो नाही."

ती म्हणाली, "तेच म्हणतेय भाऊजी. माणसाबद्दल बोला."

भावाचा जेवणाचा डबा माझ्या बायकोने ठाण्यात नेऊन दिला. मी आलो नाही. बायकोने घरी आल्यावर मला ताट वाढले. 

आज दुपारी माळीबुवा शेडमध्ये आले. ते काल सकाळपासून मुलीच्या बाळंतपणासाठी गेले होते. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असे आधी सांगितले. मग माझ्या तोंडाकडे बघून विचारले, "काय झालं मिस्त्री?" मी कार्टचे आणि भावाचे सांगितले. ते म्हणाले, "अहो, ती पंपघरात आहे. कुलूप मीच लावलंय."

त्यांनी सांगितले ते असे. सोमवारी उजाडता त्यांना पाण्याचे पाइप वर न्यायचे होते. भावाचे बोलणे त्यांच्या डोक्यात राहिले होते. झाकणाचे भोक पाहिले तर त्यात मातीची घरे करणाऱ्या कुंभारमाशीने चिखल भरून ठेवला होता. तो त्यांनी काट्याने कोरून काढला. सूं करून हवा आत गेली. पेडल दाबल्यावर इंजिन सुरू झाले. पाइप घालून ते चढ चढून गेले. तिथे जावई बोलवायला आला, तेव्हा पाइप चोरीला जाऊ नयेत म्हणून कार्टसकट सगळे आत घालून कुलूप लावले आणि निघाले.

मी विचारले, "मला का नाही सांगितलंत?"

माळीबुवा म्हणाले, "तुम्ही रिंगा गेल्या म्हणालात. आता गाडी चालू झाली हे तुम्हाला सांगणार कोण? म्हटलं, आल्यावर धाकट्याला सांगू. तो बघेल तुम्हाला कसं सांगायचं ते."

मी पंपघरात जाऊन पेडल दाबले. इंजिन पहिल्याच दाबात सुरू झाले. आवाज साफ आहे. धूर नाही. रिंगा चांगल्या आहेत. कार्ट जागेवरून हलवलेली नाही, पंचनाम्यासाठी तशीच ठेवली आहे.

ठाण्यात आल्यावर साहेबांनी मला सांगितले की, कार्ट चालू होऊ शकते का, हे त्यांनी काल माझ्या धाकट्या भावालाही विचारले होते. तो हो म्हणाला असता तर पंपघर कालच उघडून पाहिले असते. त्याने उत्तर दिले, "दादा बंद म्हणाला म्हणजे बंद. त्याचं चुकत नाही."

भाऊ बाकावर बसला होता. मी त्याला विचारले, "झाकणाचं का नाही बोललास?"

तो म्हणाला, "तुझ्याकडे दुसरं आहे काय दादा? तुझं चुकत नाही, तेवढंच तर आहे. ते इथे येऊन मोडू?"



सात नंबरच्या कार्टचा बिघाड माझ्या धाकट्या भावाने रविवारीच बरोबर सांगितला होता. माझे निदान चुकले होते. भाऊ परवानगीशिवाय माझ्या घरातली काडीसुद्धा उचलत नाही. हे मला कालही माहीत होते आणि काल मी ते सांगितले नाही. त्याला घरी जाऊ द्यावे. तो माझ्याबरोबर येईल की वेगळा जाईल, हे मी सांगू शकत नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा भाऊ समोरच बसून ऐकत होता. यात जिथे जिथे 'संशयित इसम' असे लिहिले गेले होते, तिथे मी 'माझा धाकटा भाऊ' असे करून घेतले. आता हा जबाब मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.